गल्ली आपली, भिंती आपल्या, घरंही आपलीच: सांगलीतल्या रहिवाशांना पडणारे नेहमीचे प्रश्न

आम्ही सांगलीत कृष्णा नदीकडच्या बाजूला राहणारी माणसं, गावभाग, मारुती चौकाच्या मागचे बोळ, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड असा सगळा भाग. घरांची दुरुस्ती, कागदपत्रं आणि गल्लीतलं नाटक-चित्र-गाणं असं सगळं एक गट करून चालवतो. नवीन कोण जोडलं की तेच तेच विचारतं, व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

घरं पडायला आलीत आणि तुम्ही चित्रं कसली काढताय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, रागानं पण येतो, आणि राग बरोबरच आहे. पण बघा, "घरदुरुस्तीची मीटिंग आहे" असा मेसेज टाकला की चार माणसं येतात, त्यातली दोन घरमालक आणि दोन रिटायर्ड. तेच "पुरावर नाटक बसवायचंय, आपल्या गल्लीचंच" असं म्हटलं की पोरं येतात, पोरांच्या आया येतात, आजी खुर्ची टाकून बसतात. मग तालमीत कोण सांगतं की 2019 ला पाणी पहिल्यांदा मोरीतनं वर आलं, दारातनं नंतर. कोण सांगतं शेजारच्या काकांना पोटमाळ्यावर चढवायला चार माणसं लागली कारण जिना मोडका होता. नाटकाचे संवाद असेच जमत जातात आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर घरांची यादी तयार होत जाते, कुणाचं जोतं खाली आहे, कुणाचा जिना धोक्याचा, कुणाकडं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाच्या वरच्या मजल्यावर दहा जण राहू शकतात. सर्व्हेचा फॉर्म घेऊन दारात गेलं असतं तर यातलं निम्मं कुणी सांगितलं नसतं, कारण फॉर्म घेऊन येणाऱ्यावर लोकांचा विश्वास राहिलेला नाही.

आणि नाटकाचं म्हणाल तर हे गावच नाटकाचं आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच, संस्थानच्या राजेसाहेबांच्या आश्रयानं, सीता स्वयंवराचा खेळ केला आणि मराठी रंगभूमी तिथनं सुरू झाली असं आपण मानतो, म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. नाटककार देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. एवढा वारसा नाट्यमंदिरातल्या फोटोंपुरता का ठेवायचा, तो बोळात पण यायला पाहिजे असं आम्हाला मनापासनं वाटतं.

भिंतीवर चित्र काढायला परवानगी कुणाची लागते?

खाजगी भिंत असेल तर मालकाची, आणि ती लेखीच घ्या, दोन ओळी आणि सही बास. घरात भाडेकरू राहत असतील तर त्यांना पण विचारायचं, रोज ती भिंत त्यांच्या डोळ्यासमोर असणार आहे. सरकारी भिंत, शाळा, पाण्याची टाकी, पुलाचा कठडा असलं काही असेल तर महापालिकेचं किंवा ज्या खात्याची ती भिंत आहे त्यांचं पत्र पाहिजे. 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे महाराष्ट्रात, "आम्ही चांगलंच काढत होतो" हे कारण त्यात चालत नाही. लाइटचे खांब आणि डीपीला हात लावायचा नाही, काही झालं तरी.

आमच्या भिंतीला ओल आहे, लोणा (भिंतीवर येणारा पांढरा खार) लागलाय, रंग टिकेल का?

नाही टिकणार. आधी भिंत, मग चित्र, यात आम्ही कुणाचं ऐकत नाही.

गावभागातले जुने वाडे पांढऱ्या मातीचे नाहीतर माती-विटांचे आहेत, खाली दगडी जोतं. पुराचं पाणी दोन-चार दिवस उभं राहिलं की माती आतनं फुगते, आणि लोक घाईघाईत वरनं सिमेंटचा गिलावा मारून घेतात, दिसायला मजबूत दिसतं म्हणून. पण सिमेंटमुळं ओल बाहेर पडायची वाटच बंद होते, ती वर चढते, आणि एक-दोन पावसाळ्यात गिलाव्याचा पापुद्रा सुटून हातात येतो, तोपर्यंत आतली माती पण सुटलेली असते. मातीच्या भिंतीला मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावाच बरा, ओल बाहेर जाते. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता कमी राहिलेत पण आहेत, आणि त्यांच्या हाताखाली आपली दोन पोरं उभी करायची, तेवढंच हुनर हातात येतं.

भिंत वाळली का हे बघायचं सोपं आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा, एक दिवस-रात्र तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले की भिंत अजून ओली आहे, थांबायचं. पुरानंतर वाळायला कधी कधी सबंध उन्हाळा जातो, जाऊदे. लोणा लागल्याची पांढरी पावडर कोरड्या ब्रशनं झाडून काढायची, पाण्यानं धुवायची नाही, धुतलं की तो खार परत भिंतीतच मुरतो. आणि ओल येतीय कुठनं ते बघा, बऱ्याचदा पन्हाळीचं पाणी नाहीतर शेजारची फुटकी गटार असते आणि आपण रंगाच्या दुकानात वॉटरप्रूफिंग विचारत बसतो.

चित्र काय काढायचं हे कोण ठरवतं?

ती गल्ली. कच्चं चित्र मोठ्या कागदावर काढून किराणा दुकानासमोर आठवडाभर लावतो, पेन बांधून ठेवतो, ज्याला जे म्हणायचंय ते त्यावरच लिहायचं. पक्षाचं चिन्ह नाही, हयात पुढारी नाही, दुकानाची जाहिरात नाही. देवाधर्माचं चित्र काढायचं तर त्या भिंतीसमोर राहणाऱ्या सगळ्यांना चालत असेल तरच. यावर वाद होतात, होऊदेत, पण ते कागदावरच होतात, भिंत रंगून झाल्यावर होत नाहीत हा फायदा.

पुराच्या पट्ट्या कशाला रंगवता? घराची किंमत पडते ना.

दरवेळी कोणतरी घरमालक हे विचारतोच. ज्या घरांनी परवानगी दिली त्यांच्या बाहेरच्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथं आम्ही पट्टी काढतो, 2005 ची एक, 2019 ची एक, 2021 ची एक, आणि पट्टीभोवती त्या घरातली मुलं त्यांना पाहिजे ते रंगवतात, भांडी, मांजर, होडी, गॅसची टाकी.

किंमतीचं म्हणाल तर पाणी कुठपर्यंत येतं हे घेणाऱ्याला माहीतच असतं, सांगलीत 2019 कुणी विसरलेलं नाही. पट्टीचा उपयोग राहणाऱ्याला आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पण रेडिओवर, मोबाईलवर "पातळी 48 फूट" ऐकून नवीन भाडेकरूला काय कळणार की ते त्याच्या चुलीपर्यंत आहे का उंबऱ्यापर्यंत? पट्टी असली, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं की पुलाला अमुक फूट झालं की आपल्या दारात येतं, की सामान कधी हलवायचं ते त्याचं त्यालाच ठरवता येतं. आता गल्लीतली पोरं पट्टी बघूनच मीटर आणि स्विचबोर्ड किती वर घ्यायचा ते सांगतात. खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी (लाइन बंद करायचा स्विच) असला पाहिजे हे पण त्याच बोलण्यातनं निघालं, खालची लाइन बंद करून वर उजेड ठेवता येतो.

मी भाडेकरू आहे, घर माझं नाही, मी यात यायचं का?

यायचंच. गटात मालक-भाडेकरू असा फरक नाही, मत सगळ्यांना सारखं.

दुरुस्तीबाबत कायदा काय म्हणतो ते पण माहीत असूद्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकावर टाकलीय. मालक दुर्लक्ष करत असेल तर त्याला लेखी नोटीस द्यायची, 15 दिवसांत त्यानं काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातनं वळता करू शकतो, फक्त वर्षभरात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाता कामा नये. आता खरं बोलायचं तर जुन्या वाड्यांत भाडं इतकं कमी आहे की त्याच्या चौथ्या हिश्शात चार पत्रे पण येत नाहीत, आणि मालकाची पण बाजू असतेच, पाच भावांत वाटणी न झालेला वाडा, दोघे पुण्यात, एक परदेशात, खर्च करायचा कुणी. म्हणून आम्ही नोटीस देण्याआधी दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसवतो. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात, साहित्य मालकाचं आणि मजुरी भाडेकरूची अशा काहीतरी वाटणीवर. ठरलं की लगेच कागदावर आणायचं.

गल्ली छान दिसायला लागली की भाडी वाढतील आणि आम्हालाच काढतील, तेव्हा?

ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणाऱ्याला कुणी गप्प बसवायचं नाही, असा आमचा नियमच आहे. भिंती रंगल्या, कट्टा दुरुस्त झाला, की दलाल फिरायला लागतात. त्यामुळं कुठल्याही गल्लीत सुशोभीकरणाचं काम घ्यायच्या आधी आम्ही तीन गोष्टी बघतो. भाडेकरूंचे करार लेखी आणि रजिस्टर झालेले आहेत का, याच 1999 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे आणि तशी जबाबदारी मालकाची आहे. भाड्याच्या पावत्या आणि लाइट बिलं प्रत्येकाकडं फाइल करून ठेवलीत का. आणि मालकानं काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर शब्द दिलाय का की या कामाचं कारण दाखवून तो भाडं वाढवणार नाही. तिसऱ्याला कायद्याचं बळ नाही हे माहितीय, पण चारचौघांत दिलेला शब्द गल्लीत मोडणं अवघड जातं.

वाडा धोकादायक म्हणून महापालिकेची नोटीस आली तर घाबरून लगेच घर सोडू नका, आणि उगीच जीव धोक्यात घालून पण राहू नका. इंजिनिअरला दाखवा, खरंच धोका असेल तर बाहेर पडायलाच पाहिजे, पण बाहेर पडायच्या आधी आपल्या ताब्यात किती जागा आहे ती मोजून लेखी नोंद करून घ्या, फोटो काढा. उद्या तिथं नवीन इमारत झाली तर बोलायला आधार तोच. मोजमापाला गटातली माणसं येतात, टेप आमच्याकडं आहे.

आमचा प्लॉट गुंठेवारीतला आहे, आम्हाला काही मिळतं का?

सांगलीत निम्म्या घरी हा प्रश्न असेल. शेतजमीन एक-दोन गुंठ्यांनी विकली गेली, लोकांनी पै पै करून घेतली, घरं बांधली, आणि रस्ता-गटार-उतारा काहीच नाही. 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तेव्हा खरेदीचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, मोजणीचा नकाशा घेऊन या, काय कमी आहे ते बसून बघू. एकट्यानं फाइल लावण्यापेक्षा ओळीतल्या आठ-दहा घरांनी एकदम लावा, नकाशावाल्याचा खर्च पण वाटला जातो.

शामरावनगरकडची काळी माती आहे तिथं अजून एक गोष्ट, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यानं भिंतीला तिरप्या भेगा पडतात. त्या भेगा पुट्टीनं बुजवून चित्र काढू नका, पायाचं आधी कुणाला तरी दाखवा.

पंतप्रधान आवास योजनेचे पैसे दुरुस्तीला मिळतात का?

नुसत्या दुरुस्तीला नाही. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळायचे, आणि सप्टेंबर 2024 पासनं योजनेचा दुसरा टप्पा सुरू झालाय. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत, आणि जागेचा कागद पाहिजे. पैसे हप्त्यानं येतात, जोतं झालं, स्लॅब झाला असे फोटो अपलोड झाल्यावर, त्यामुळं सुरुवातीला स्वतःचे काही पैसे हाताशी लागतातच. एजंटला पैसे देऊ नका, अर्ज भरायला आमची पोरं मदत करतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

पूररेषेत घर आहे, नवीन बांधता येईल का?

निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवीन बांधकामाला बंदी, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर परवानगी, जोतं वर घ्यावं लागतं. नगररचना विभागात आपला सिटी सर्व्हे नंबर देऊन लेखी उत्तर घ्या, तोंडी सांगितलेलं धरू नका.

आमचं अपार्टमेंट आहे, सोसायटी आहे, आम्हाला गटाची काय गरज?

तुमच्या वॉचमनला आणि मोलकरणीला विचारा त्या कुठं राहतात, बहुतेक शेजारच्याच बोळात. सोसायटीवाल्यांनी यावं असं आम्हाला फार वाटतं कारण हिशोब ठेवायची सवय त्यांना असते. आणि तुमच्यासाठी पण काम आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणं (नियमावलीप्रमाणं) 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि 30 च्या पुढं दर तीन वर्षांनी करायचं असतं, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामासाठी राखून ठेवायचा निधी) 0.25 टक्के गोळा व्हायला पाहिजे. किती सोसायट्यांत होतं ते तुम्हीच बघा.

गणपती मंडळ आहेच की, हे वेगळं कशाला?

वेगळं नाहीचे खरं तर, बरीच पोरं मंडळाचीच आहेत आणि मंडप, सतरंज्या, स्पीकर सगळं तिथलंच वापरतो. पण मंडळ दहा-पंधरा दिवस जोरात असतं, घराचं काम वर्षभर चालतं. दुसरं असं की मंडळाच्या बैठकीला बायका बोलत नाहीत. आमची बैठक दुपारी तीनला, भांडी झाली की आणि पोरं शाळेतनं यायच्या आत, आणि चहा आळीपाळीनं पुरुष करतात. वेळ बदलली तशी बोलणारी माणसं पण बदलली. मोरी कुठं तुंबते, संडासचा पाइप कुठं गळतो, कोणत्या बोळात रात्री उजेड नसतो हे बायका जितकं नेमकं सांगतात तितकं कुणी सांगत नाही.

आमची झोपडपट्टी आहे, आमच्याकडं पण येता का?

येतो, आणि शिकायला येतो. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स संस्थेनं मागं सांगली-मिरजेतल्या वस्त्यांचे घर न घर दाखवणारे नकाशे केले होते, वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन. नकाशा हातात असला की ऑफिसात बोलायची भाषाच बदलते. आमच्या गल्लीचा नकाशा आम्ही त्याच पद्धतीनं केलाय, फरशीवर खडूनं आधी, मग कागदावर. लहान मुलं यात सगळ्यात हुशार निघतात, त्यांना प्रत्येक बोळ पाठ असतो.

कलाकारांना मानधन देता का?

देतो, कमी असेल पण देतो. "आपलीच गल्ली आहे, फुकट करा" असं कुणालाही म्हणायचं नाही, मग तो पेंटर असो की तबलजी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बघा, पिढ्यानपिढ्या खाली काम आणि वर संसार, 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, तो वाळवायला, कापायला, रंधा मारायला जागा लागते. घर दुरुस्त करताना ओटा तोडून पार्किंग केलं की कारागिराचं पोट जातं. म्हणून कुणाचंही घर बघायला गेलो की आम्ही आधी विचारतो की या घरात कुठलं काम चालतं, शिलाई, पापड, मूर्ती, काय ते, आणि त्याची जागा नकाशात आधी धरतो.

पैसे कुठनं येतात?

वर्गणी, ऐपतीप्रमाणं. खात्यावर दोघांच्या सह्या, त्यातली एक बाईची. महिन्याचा हिशोब दुकानासमोरच्या फळ्यावर. नोंदणी नसताना बाहेर पावती फाडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय ऑफिसची 41 क ची परवानगी लागते, मंडळवाल्यांना हे माहीत असतं. आमदार-खासदार निधी खाजगी घराला लागत नाही, गटार-दिवे-कट्टा अशा सार्वजनिक कामाला लागतो, तेव्हा आमदार, खासदार नाहीतर नगरसेवकाकडं जाताना तेवढंच मागायचं आणि लेखी मागायचं, पोच घ्यायची.

नाटकाला परवानगी लागते का?

जाहीर प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडनं पास करून घ्यावी लागते, रस्ता अडणार असेल तर पोलीस स्टेशनचं पत्र. स्पीकर रात्री दहाला बंद. दुसऱ्याचं नाटक करायचं तर लेखकाची परवानगी, म्हणून आम्ही आपलंच लिहितो.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

रंगकाम बंद, बाकी चालू. जून संपायच्या आत पन्हाळी, पत्रे, जिने बघून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी ग्रुपवर रोज टाकतो, आणि ज्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस आहे तिथं कोण जाणार ते नावानिशी आधीच ठरलेलं असतं. तालमी या दिवसांत वरच्या मजल्यावर.

वस्तू द्यायच्या आहेत, काय घ्याल?

जुने कपडे नकोत. न उघडलेले बाहेरच्या रंगाचे डबे, ब्रश, चांगली शिडी, ताडपत्री, चार्जिंगचे दिवे, वापरलेले पण सरळ असलेले पत्रे, सागवानी खिडक्या-दारं, कौलं चालतील. कौलं फुटकी नकोत. आणायच्या आधी ग्रुपवर फोटो टाका, ठेवायला जागा कमी आहे, ज्या घराला लागणारे त्यांच्याच दारात थेट उतरवून घेऊ.